देवधानाच्या गाठी

ज्या धानाला आमच्या घरात वर्षभर ‘जंगली’ म्हणून नाक मुरडत, तेच धान ऋषिपंचमीला पाटावर बसून भक्तिभावानं खात. लग्न होऊन आले त्या पहिल्याच वर्षी मी हे पाहिलं आणि मला हसू आलं. पुढे हसू येईना, राग आला. लोक म्हणतात, वय झालं की माणूस निवतो. मी काही निवले नाही.

माझं सासर केशोरीच्या बाजूचं, घर तळी बांधणाऱ्यांचं. गावचं मोठं तळं मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, पणज्यानं बांधलेलं. दोन टेकड्यांच्या मधे मातीची पाळ घातलेली, पाळीच्या पोटात पाणी सोडायचं दगडी तुडूम, तुडुमातून निघालेला पाट आणि पाटाच्या दोन्ही अंगांनी उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं. मामाजी बोलायचे कमी, पण पाणी कुठून कुठे जाईल हे नुसतं जमिनीकडे बघून सांगायचे. मी सांगते ती गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या दोन-चार वर्षांतली. आमचे हे गोंदियाला रेल्वेत होते, महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचे. घरचा कारभार भासऱ्यांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या, हाती होता.

त्या तळ्याच्या उथळ काठाला, कमरेएवढ्या पाण्यात, आपोआप धान उगवायचं. कोणी पेरलेलं नाही, कोणी रोवलेलं नाही. देवधान. लोंबीला वीतभर लांब तांबूस कुसळं, आणि दाण्याची खोड अशी की पिकला रे पिकला की गळून पाण्यात पडायचा. आज हिरवा दिसला म्हणून उद्या यावं, तर उद्या नुसत्या रिकाम्या लोंब्या. असं पळपुटं धान धरायचं कसं, हे फक्त मासे मारणाऱ्या ढीवरांच्या बायकांना माहीत होतं.

त्यांतली एक विधवा बाई आमच्या तळ्यावर असायची. पन्नाशीची असेल. नवरा तापानं गेलेला, मुलगी दिलेली देवरीकडे, घरात ही एकटी. आश्विन लागला, दाणा दुधात आला, की ती मांडीपर्यंत पाण्यात उतरायची. मुठीत मावतील तेवढी ताटं एकत्र धरायची, त्यांना पीळ द्यायची आणि पळसाच्या मुळीच्या वाखानं गाठ मारायची. अशा शे-दीडशे पेंड्या. एकमेकींना टेकून उभ्या राहिलेल्या लोंब्यांतून दाणा सुटला तरी कुसळांच्या जाळ्यात अडकून राहायचा. मग पंधरा-वीस दिवसांनी, सकाळी दहिवर असताना, ती टोपलं घेऊन जायची. पेंडी टोपल्यावर वाकवायची, गाठ सोडायची, झटकायची. दहिवरानं ओला झालेला दाणा इकडे तिकडे उडत नाही, हे तिनं मला सांगितलेलं. दर चार पेंड्यांमागे एक जुडी ती न बांधता सोडायची. ‘हे तळ्याची,’ म्हणायची.

प्रत्येक घरची गाठ वेगळी होती. हिची उजवीकडे दोन वेढे घेऊन टोक आत खोवलेली. गाठ ज्याची, धान त्याचं. गावात धुऱ्यावरून, शेतांच्या बांधावरून, डोकी फुटली, आंब्यावरून भाऊ वेगळे झाले, पण देवधानाची दुसऱ्याची गाठ कोणी सोडली असं मी ऐकलं नव्हतं. पोळा झाला की गरिबाच्या घरचं जुनं धान संपतं आणि नवं यायला दिवाळी उजाडते. ते मधले दीड-दोन महिने ही बाई सांभाळून ठेवलेल्या देवधानावर काढायची, आणि तेवढ्यात पाण्यातलं नवं बांधायला यायचं. म्हणून त्या गाठी म्हणजे तिच्या पोटाचा बंदोबस्त होता.

आता भासऱ्यांचं सांगते. ते भंडाऱ्याला राहून इंग्रजी शिकलेले. परीक्षा पुरी झाली नव्हती, पण पुस्तकं गाठोडंभर आणलेली. संध्याकाळी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायचे. त्यात एक जगाच्या इतिहासाचं होतं. आदिमानव रानातलं धान ओरबाडून खायचा, मग त्याला अक्कल आली, त्यानं शेती केली आणि तो सुधारला. हे ते इतक्या तोऱ्यात वाचायचे, जणू पहिला नांगर त्यांनीच धरला. बैलाच्या कासऱ्याला हात लागला नव्हता कधी!

दाराआड बसून मी ऐकायची आणि मनात म्हणायची, अक्कल आली ती कोणाला आली? पुस्तकात चित्र होतं, दाढीवाल्या पुरुषाचं, हातात भाला. भाल्यानं धान मिळतं का? कुठली लोंबी कधी गळते, कुठली दोन दिवस जास्त धरते, हे पाण्यात उभं राहून ज्या बाईनं बघितलं असेल, तिच्याच टोपल्यात न गळणारा दाणा जास्त आला असेल. तोच सांडला, तोच उगवला, तोच तिनं पुन्हा पेरला. ढीवरीणबाईला मी एकदा विचारलं, की आमचं धान आणि हे धान वेगळं कसं. ती म्हणाली, ‘वेगळं कायले? हे माय आहे अना तुमचं तिची पोर. मायले सोताच्या मनानं दाना टाकता येते. पोरीले माणसानं धरून ठेवाची सवय लावली.’ एवढं भासऱ्यांच्या गाठोडंभर पुस्तकांत नव्हतं.

त्या वर्षी भासऱ्यांनी गोंदियाहून बारीक, पांढऱ्या धानाचं बियाणं आणलं. तिकडच्या गिरणीवाल्यांना एकजात पांढरा तांदूळ हवा, त्यात लाल दाणा दिसला की ते तोंड वाकडं करतात, असं ऐकून आले होते. झालं. आश्विनात तळ्याकडे बघून त्यांनी हुकूम सोडला, की हे जंगली धान काढून टाका. याचा लाल दाणा आपल्या धानात मिसळेल.

मामाजी म्हणाले, ‘इतकी वर्सं नाई मिसळला.’

‘इतकी वर्सं आपन अडाणी होतो,’ भासरे म्हणाले. ‘घरापुढच्या तळ्यात बाया रानातलं धान वेचून राहिल्या. आपन का आदिमानव आहोत?’

मामाजी गप्प बसले. शिकलेल्या मुलापुढे बाप गप्प बसतो, तसे. मला त्यांचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी चार गडी विळे घेऊन डोंग्यांतून तळ्यात शिरले. मी त्यांच्या न्याहारीची पाटी घेऊन पाळीवर गेले होते. दाणा भरलेला, लोंब्या पिकायला आलेल्या. विळा बसला की ताट हलायचं आणि दाणे टपटप पाण्यात पडायचे. बांधलेल्या पेंड्याही त्यांनी सोडल्या नाहीत. गाठ मधेच कापली की पेंडी उलगडायची आणि सांभाळून ठेवलेलं सगळं एका झटक्यात सांडायचं.

ढीवरीणबाई धावत आली. पाळीवर उभ्या असलेल्या भासऱ्यांना हात जोडून म्हणाली, ‘मालक, कापू नोका जी. बांधू द्या. बांधलं तं दाना टोपल्यात येते, पान्यात नाई पडत. कापसान तं सारं बी पान्यात जाईन.’

भासरे हसले. म्हणाले, ‘तुले तुज्या पोटाची पडली आहे.’

अरे, पडणार नाही तर काय! पोट तिचं होतं. पण ती सांगत होती ते तुमच्या भल्याचं होतं, आणि ते समजायला इंग्रजी लागत नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी. त्याच दुपारी बांध्यांना शेवटचं पाणी द्यायचं म्हणून तुडूम उघडलं. पाटाच्या पाण्यावरून कापलेली ताटं आणि तांबूस कुसळांचे पुंजके वाहत चाललेले मी डोळ्यांनी पाहिले. घरी येऊन मी काही बोलले नाही. भासऱ्यांसमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही रीत. मी मूग गिळून बसले, हे मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

पुढच्या वर्षी भाद्रपदात ऋषिपंचमी आली. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगरल्या जमिनीतलं खायचं नाही. म्हणजे भात हवा तर देवधानाचाच. सासूबाईंनी मडकी धुंडाळली, दाणा नाही. मग मला आत बोलावून हळूच म्हणाल्या, ‘त्या ढीवरिनीकडून वाटीभर आन. मोठ्याले सांगू नोको.’

मी गेले. तिच्या दाराशी उभी राहून मी म्हटलं, ‘सासूबाईनं वाटीभर देवधान मागतलं.’

तिनं माझ्याकडे बघितलं. आत जाऊन जुन्या सालच्या धानाचं मडकं आणलं आणि माझ्या वाटीत उपडं केलं. वाटी भरली आणि मडकं रिकामं झालं. मी थोडं परत घालायला गेले तर तिनं माझा हात धरला. ‘परबीचं, सनाचं आहे. मागं नाई घ्याचं.’ पंचमीला सासूबाई तो भात पाटावर बसून जेवल्या. माझ्या पानात त्यांनी वाढला, तो मी पानाच्या कडेला सारला.

आणि महिन्याभरात बांध्या निसवल्या.

तोवर कोणाला काही कळलं नव्हतं. देवधानाचं रोप आणि शेतातल्या धानाचं रोप सारखंच दिसतं. त्या त्या बांधीतल्या परह्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, ते सोबत उगवलं, बायकांनी तेही सोबत रोवलं, निंदणीतही ते राहिलं. लोंबी बाहेर पडली तेव्हा तुडुमाखालच्या मोठ्या बांधीत, आमच्या घरच्या सगळ्यात चांगल्या बांधीत, पांढऱ्या धानाच्या डोक्यावर जिकडे तिकडे तांबूस कुसळं डोलत होती. आणि पांढरं धान पिकायच्या आधीच ती दाणा गाळायला लागली.

भासऱ्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. मला वाटलं, आता तरी कळेल. कशाचं काय! त्यांनी तिसऱ्या दिवशी गावातल्या चार जाणत्यांना ओसरीवर बोलावलं आणि ढीवरीणबाईला अंगणात उभं केलं. म्हणाले, हिच्या पेंड्या कापल्या म्हणून हिनं सूड घेतला. हिनंच आमच्या बांधीत देवधानाचं बी फेकलं. हिला तळ्यात पाऊल ठेवू द्यायचं नाही. धान नाही, मासे नाही, शिंगाडे नाही, काही नाही.

चोर तर चोर, वर शिरजोर! तळ्याशिवाय त्या बाईला दुसरं काय होतं? शेत नाही, मुलगा नाही, हाताला दुसरा धंदा नाही. तळं बंद म्हणजे चूल बंद.

ती म्हणाली, ‘मी कायले फेकीन बाप्पा? मूठभर दान्यासाठी मी दिवसभर पान्यात उभी रायते. तो दाना तुमच्या चिखलात फेकाले मले येड लागलं का?’

ओसरीवरचा एक जण म्हणाला, ‘गरिबाच्या मनात खार असतेच.’ तो माणूस महिन्यापूर्वी आमच्या घरी पंचमीचा प्रसाद खाऊन गेला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दाराआड उभी होते. पदर होता डोक्यावर, पण आवाज बाहेर पडला.

‘बोडीच्या पान्याची बांधी पाहा,’ मी म्हटलं. बोडी म्हणजे वरच्या अंगाचं लहान तळं.

सगळे दाराकडे बघायला लागले. सासूबाईंनी मागून माझा पदर ओढला. मी थांबले नाही. ‘वरची बांधी बी आपलीच आहे. तिले तळ्याचं पानी नाई, बोडीचं आहे. तिथं एक कुसळ नाई. तुडुमाखाली सगळ्यात जास्त, त्याच्या खाली कमी, पाट सरला तिथं तुरळक. जिले सूड घ्याचा आहे ते का पाटाचं पानी पाहून पाहून बी फेकन? कापलेलं धान पाटातून गेलं ते म्या पाहिलं. म्या सोता पाहिलं.’

भासरे ओरडले, ‘बाईमानसानं मधी कायले बोलाचं?’

मामाजी मात्र उठले. चपला न घालता अंगणातून सरळ बांधीकडे गेले. बाकीचे मागोमाग. तासाभरानं परत आले तेव्हा पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. ते पाण्याचे माणूस होते. पाण्यानं काय केलं ते त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते म्हणाले, ‘तळं सगळ्याइले खुलं आहे. जा आपापल्या घरी.’

एवढंच. तिची चूक नव्हती असं कोणी म्हटलं नाही. भरल्या अंगणात तिला चोरासारखं उभं केलं आणि रिकाम्या अंगणातून घरी पाठवलं. भासरे तोंड फिरवून आत निघून गेले. जाणते लोक विडी ओढून उठले. सासूबाईंनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. पंचमीची वाटी आणायला मी चालत होते, खरं बोलायला चालत नव्हते.

आता खरी गोम पुढेच होती. बांधीतलं देवधान दाणा गाळत होतं. जेवढा गळेल तेवढा पुढच्या वर्षी उगवेल. ते थांबवायचा एकच उपाय होता, लोंब्या गळायच्या आत बांधून घ्यायच्या आणि झटकून न्यायच्या. तेही उभ्या पिकात, पांढरं धान न तुडवता. आणि ते ज्या हातांना येत होतं ते हात आम्ही अंगणात उभे करून हिणवले होते. मामाजींनी गडी पाठवला, की बांधीत गाठी मारायला या, निघेल ते धान तुमचं.

गडी परत आला. बाई म्हणाली होती, मोठ्या मालकांनी अंगणात चार लोकांसमोर मला म्हटलं, आता चार लोकांसमोर म्हणावं की हिनं फेकलं नाही. मी तेवढ्यात वाख घेऊन येते. बाकी मला काही नको.

भासरे म्हणाले, ‘ढीवरिनीपुढं मी नाक घासू का?’

नाक घासायला कोणी सांगितलं होतं? चार शब्द बोलायचे होते. खरेच बोलायचे होते. मी जाऊन तिला म्हटलं, ‘मावशी, तुमची चूक नोती. सगळ्याइले ठाव आहे.’

ती जाळं विणत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘तुमी काऊन सांगता, बाई? तुमी तं मले काई म्हटलं नोतं. ज्यानं म्हटलं त्यानं म्हणावं.’ मग मला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. माझ्यावर तिचा राग नव्हता. ते आणखीच लागलं.

मग मीच वाख घेऊन बांधीत उतरले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, लावू दे. मी किती वेळा त्या बाईला बघितलं होतं, वाटलं जमेल. मूठ धरली, पीळ दिला की अर्धे दाणे पायाशी. जोरात आवळलं तर ताट मोडायचं, सैल ठेवलं तर लोंब्या सुटायच्या. संध्याकाळपर्यंत मी जेवढं बांधलं त्याहून जास्त गाळलं. धुऱ्यावर बसून मी रागानं रडले. जे काम ती पोरवयापासून करत आली, ज्याला भासरे ओरबाडणं म्हणायचे, ते मला दिवसभरात एक पेंडीसुद्धा धड आलं नाही.

पुढच्या वर्षी कुसळं दुप्पट झाली. त्याच्या पुढच्या वर्षी पांढरं धान शोधावं लागलं. भासऱ्यांनी बियाणं बदललं, चिखलणी तीनदा केली, परहे दुसऱ्या जागी टाकले. शेवटी एके दिवशी मला दाराशी बोलावून, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘त्या बाईले सांग, झालं ते झालं.’

मी म्हटलं, ‘मी नाई सांगणार. तुमाले रस्ता ठाव आहे.’ भासऱ्यांशी समोरासमोर मी बोललेलं ते पहिलं आणि शेवटचं. ते गेले नाहीत.

चौथ्या वर्षी तुडुमाखालची मोठी बांधी पडीत टाकली. पणज्यानं तळं बांधलं ते त्या बांधीसाठी, असं मामाजी म्हणायचे. त्यांनी तो आश्विन पुरा पाळीवर बसून काढला. बांधीत नुसतं देवधान माजलं, आणि एका सकाळी ढीवरीणबाई तिथे उतरली. मामाजींनी तिला पाहिलं आणि काही म्हटलं नाही. उजवीकडे दोन वेढे, टोक आत. धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत तिच्या पेंड्या उभ्या राहिल्या. पुढे ती होती तोवर दर वर्षी राहिल्या.

पाटावर जायची आमच्या घरची वाट त्याच धुऱ्यावरून होती. भासऱ्यांनी ती टाकली. ते तळ्याला वळसा घालून, टेकडीच्या अंगानं, अर्धा कोस लांबून जायचे. ऊन असो, चिखल असो, शेवटी गुडघे गेले तरी काठी टेकत तिकडूनच. तिचं घर आमच्या अंगणातून दिसायचं, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. माणूस इतकं चालला, पण तेवढं चालला नाही.